घरात एक मांजर आहे, दुसरं आणावं का?

सांदवाडी (धागाकर्ती):
सोयाबीन घरात आलं की उंदरं वाढतात, आणि मग कोणीतरी पिलू आणून देतंच. आधीचं मांजर असताना ते ठेवावं का? ज्यांनी दोन-चार मांजरं एकत्र सांभाळली आहेत त्यांनी नेमकं लिहावं: जागा, लस, खाणं, काय बिघडतं. किस्से दुसऱ्या धाग्यावर.

वऱ्हाडी_बोका:
उंदरासाठी आनत असान तं आधी घरात काय फिरते ते पाहा. लहान उंदरायले एक मांजर पुरते. घुशीच्या वाटेला दोन असल्या तरी सहसा जात नाईत. पोती भिंतीपासून हातभर सोडून फळ्यायवर ठेवा, बिळं बुजवा, त्यानं जास्त फरक पडते. अन् शेजारी उंदीर मारायची झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी पिठात कालवून ठेवत असन, तं दुसरं आनूच नका. त्याच्यावर उतारा नाई. ब्रोमाडिओलोन या उंदराच्या दुसऱ्या औषधाचं वेगळं. ते खाल्लेले उंदीर मांजरानं खाल्ले तं काही दिवसांनी रक्तस्राव सुरू होते, पन वेळेत व्हिटॅमिन के-1 भेटलं तं वाचू शकते. म्हून औषधाचं पाकीट फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या.

धानपट्टा:
माझं मत सरळ आहे. नव्याला 14 दिवस कोंडून ठेवायला दाराची खोली नसेल तर नाही म्हणावं. कारण पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग: उलट्या, पातळ हगवण, पिलू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं पण पीत नाही. हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. फिनाईलवर भरवसा नको, शिवाय ते मांजराला विषारी. फरशी आधी साबणाने धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि 30 भाग पाणी 10 मिनिटं राहू द्यायचं, नंतर साध्या पाण्याने पुसायचं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे चालत नाही, शेणमातीत ब्लीचचा जोर मरतो. अशा घरात पूर्वी पिलू या रोगाने गेलं असेल तर लसीचे दोन्ही डोस झालेलंच मांजर आणा. तिहेरी लस (पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांच्या सर्दीचे दोन विषाणू यांवरची) 8 आठवड्यांना सुरू होते, पुढचा डोस 3-4 आठवड्यांनी. रेबीजची 12 आठवड्यांनंतर. तालुक्याला मांजराची लस आहे का, हे फोन करून विचारूनच निघा.

सांदवाडी:
ताई, 14 दिवसांनंतर लगेच समोरासमोर?

धानपट्टा:
नाही. आधी दोघांच्या अंगाखालचं गोणपाट अदलाबदल करा. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना एकाच वेळी वाढा, आणि ताटल्या रोज थोड्या जवळ सरकवा. फिसकारणं चालतं. एकजण न हलता टक लावून बघतो, दुसऱ्याची वाट अडवतो, मग दुसरा हगण्या-मुतण्याच्या रेतीच्या टोपल्याकडे जायचंच टाळतो, ही खरी खूण. अशा वेळी आधीच्या टप्प्यावर परत या. दोन मांजरांना तीन टोपली, तीही वेगवेगळ्या कोपऱ्यांत.

कोठ्यावरचा:
गोचिडाच्या औषधाचं कोणीच लिहिलं नाही! बैलावर मारायचं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन मांजराला लावू नका. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं तर अजिबात नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. थरथर, झटके, मृत्यू. फवारलेली ढोरं वाळेपर्यंत मांजरं कोठ्यात येऊ देऊ नका. पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा नको.

मेळघाट_पायथा:
नसबंदीचा हिशोब आधी करा. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, सव्वादोन महिन्यांच्या आत विते, आणि पिलं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. बोक्याची शस्त्रक्रिया झाली तरी पुढचे काही आठवडे तो माजावरच्या मादीपासून लांबच हवा, आधीचं वीर्य शिल्लक असतं. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर संस्था, दोन्हीकडे चौकशी करता येते. शस्त्रक्रियेआधी उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, लहान पिलाला रात्रभर उपाशी ठेवणं धोक्याचं. दोन नसबंदी न झालेले बोके एका घरात ठेवायचा विचारही करू नका, पोत्यांवर मुतून ठेवतील.

वऱ्हाडी_बोका:
खान्याचं बी पाहा न भाऊ. दूध-पोळीवर मांजर जगते, धष्टपुष्ट होत नाई. टॉरिन नावाचं मांजराले लागनारं पोषकद्रव्य मांसातूनच भेटते, नाई भेटलं तं डोळे अन् हृदय जाते. उकडलेलं अंडं, मासोळी, कोंबडीचं काळीज द्या, पन कांदा-लसणाचा रस्सा नाई. चार किलोच्या मांजराले कोरडं खाद्य दिवसाले साधारन 60 ग्रॅम. दोघांचं गुणा.

सांदवाडी:
आणि आधीचं म्हातारं असेल तर?

मेळघाट_पायथा:
दहा वर्षांपुढच्या मांजराच्या अंगावर पिलू घालू नये, ते दिवसभर शेपटीला लटकतं. नसबंदी झालेलं, दोन-तीन वर्षांचं, शांत मांजर मिळालं तर बघा. आणि मे महिन्यात नको. पंचेचाळीसच्या उन्हात सगळी कुलरच्या एकाच खोलीत शिरतात, तिथं वेगळं ठेवणार कसं? पहिल्या पावसानंतर आणा.