फुटपाथवरचा लोखंडी फोल्डिंग बोर्ड: मजबूत कसा करायचा आणि भाव काय लावायचा?

वेल्डिंगवाला_वाडी
राम राम मंडळी. नागपूरकडे वाडीला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. ग्रिल, गेट, जिन्याचं रेलिंग, उन्हाळ्यात कूलरचे स्टँड, बस. मागच्या महिन्यात धरमपेठच्या एका चहावाल्याने विचारलं की दुकानासमोर ठेवायला रंगाऱ्याच्या घोडीसारखा उघडमीट होणारा बोर्ड करून देता का, दोन्हीकडून वाचता आला पाहिजे आणि रात्री शटरच्या आत घेता आला पाहिजे. दिला करून. फ्लेक्सवाले फुटाने लावतात म्हणून मीही तसंच लावलं, 2 बाय 3 फुटाच्या दोन बाजू म्हणजे 12 चौरस फूट, 100 रुपये फुटाने 1200 घेतले. घरी येऊन चिठ्ठ्या जुळवल्या तर सामानातच त्याच्यापेक्षा जास्त गेलेले. वरून तो बोर्ड परवाच्या वावधानात आडवा झाला आणि बाजूला उभ्या स्कूटीवर पडला, इंडिकेटर फुटला, ते 350 पण मीच भरले.

आता त्याचं पाहून अजून चार जण विचारून राहिले आणि चौघांनाही 1200 लाच पाहिजे. पाइप कोणता, शीट कोणती, उडू नये म्हणून काय करायचं आणि भाव कसा सांगायचा, कोणी हे काम केलं असेल तर सांगा ना भाऊ.

इतवारीचा_पेंटर
आधी हे सांग, पत्रा कोणता लावला होता? सनबोर्ड, म्हणजे ती फोमसारखी प्लास्टिकची शीट, असेल तर तिथंच चुकलं. नागपूरच्या मे महिन्यात सनबोर्ड पापडासारखा वाकडा होते, मी स्वतः पाहिलाय, सकाळी सरळ अन् चार वाजता पोट काढून. तीन एमएमची एसीपी घे, दोन बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा अन् मध्ये प्लास्टिक असते ती. आणि डबल टेपच्या भरवशावर राहू नको, उन्हात गोंद नरम पडते अन् एक कोपरा सुटला की वारा बाकीचं काम करते. पॉप रिव्हेट मार.

वेल्डिंगवाला_वाडी
सनबोर्डच होता 😅 5 एमएम. आणि टेपच.

ग्रिलवाले_काका
हे बघ बेटा, आम्ही असले बोर्ड बरेच केले. पाइप 25 बाय 25 चा, 16 गेजपेक्षा पातळ घेऊ नको, गेजचा आकडा वाढला की पाइपाचा पत्रा पातळ. 18 गेज स्वस्त पडते पण बिजागरीजवळ वेल्डिंग करताना भोक पडते, मग पोरं त्याच्यावर लांबी (पुट्टी) थापून रंग मारतात अन् सहा महिन्यांत तिथूनच मोडते. पाइप वीस फुटी येते, एका फ्रेमला तीन-तीन फुटाचे दोन उभे अन् दोन-दोन फुटाचे दोन आडवे म्हणजे 10 फूट, दोन फ्रेम 20, एका पाइपात एक बोर्ड बरोबर बसते. आडवे तुकडे उभ्याच्या आत घे म्हणजे कटिंग व्हीलची झीज त्यातून निघून जाते, नाहीतर शेवटचा तुकडा हमखास अर्धा इंच कमी भरते अन् नवीन पाइप कापावा लागते. एका पाइपाचं वजन सव्वासात किलोच्या आसपास.

शीट पण अशीच बघ. 8 बाय 4 ची एसीपी, सगळे आडव्या-उभ्या चार कापतात अन् उरलेला दोन फुटी पट्टा कोपऱ्यात फेकतात. अरे त्या पट्ट्यात अजून एक 2 बाय 3 निघते! पाच निघतात, चार नाही. हिशोब पाचाने कर.

अन् एक, जे कोणी करत नाही. पाइपाची तोंडं उघडी ठेवू नको. पाणी आत जाते, रंग बाहेरून चांगला दिसते अन् आतून पाइप कुजून राहिला असते. वरची तोंडं वेल्ड करून बंद, खालून बूच, पण खालच्या आडव्याला तळाला एक बारीक भोक, आत दमट झालं तर निथळायला.

सिव्हिलची_पोरगी
उडण्याबद्दल. तुमच्या बोर्डाची एक बाजू साधारण अर्धा चौरस मीटर, वारा ताशी 40 किमी असेल तर त्याच्यावर अंदाजे 5 किलोचा जोर येतो आणि 60 ला 11 किलोच्या वर, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वारा दीडपट तर जोर सव्वादोनपट. तो लागतो मध्यावर, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर. पाय 20 इंच पसरले असतील तर 12 किलोचा बोर्ड 40 च्या वाऱ्यात उभा राहील, 60 मध्ये पडणारच, कितीही छान वेल्डिंग करा.

उपाय दोनच, पाय जास्त पसरवा किंवा वजन खाली न्या. पण पाय पसरवले की फुटपाथ खाल्ला जातो. म्हणून वजन, आणि तेही अगदी खाली. वर वजन लावून उपयोग नाही.

चहा_धंतोली
मी बोर्ड वापरणारा, बनवणारा नाही. वजन वाढवा म्हणताय पण सकाळी साडेसहाला तो बोर्ड बाहेर कोण काढते? माझ्याकडे एक मावशी येतात, त्यांना 25 किलो उचलता येणार आहे का? माझा जुना बोर्ड जाडजूड होता, दोन महिन्यांनी तो आतच राहू लागला कारण काढायचा कंटाळा. बोर्ड हलका अन् वजन वेगळं ठेवता आलं तर बघा.

ग्रिलवाले_काका
@चहा_धंतोली बरोबर बोलले. आम्ही खालच्या आडव्यावर पट्टीचा एक छोटा ट्रे मारून देतो, दोन्हीकडून दोन-दोन विटा बसतील असा. एक वीट तीन किलोच्या आसपास, चार विटा म्हणजे 12 किलो, बोर्ड नुसता 12 चा. विटा बाहेरच राहतात, विटा कोण चोरते. बोर्ड तेवढा आत.

सिव्हिलची_पोरगी
काका, हे एकदम बेस्ट. 24 किलो झालं की 60 चा वारा पण झेलेल. त्याच्यापुढे आत घेतलेलाच बरा.

वेल्डिंगवाला_वाडी
विटांचं डोक्यात आलंच नव्हतं. आता भावाचं कोणीतरी सांगा, मी तिथेच मार खाऊन राहिलो.

हिशोबी_ताई
अहो दादा, फुटाने भाव हा फ्लेक्सचा हिशोब आहे, तिथे छपाई हाच माल. तुमच्याकडे लोखंड, बिजागरी, मजुरी सगळं बोर्डामागे जातं, फुटामागे नाही. 2 बाय 2 चा बोर्ड केला तरी बिजागऱ्या दोनच, साखळी एकच, आणि टेम्पोवाला भाडं कमी करत नाही. नगावर भाव सांगा. खर्च इथे टाका, एकेक.

वेल्डिंगवाला_वाडी
पाइप 7.2 किलो, मला 70 ने पडला, म्हणजे 505 धरा. एसीपी 1600 ची शीट, काकांच्या हिशोबाने पाचात भागली तर दोन तुकडे 640. बिजागरी, साखळी, रिव्हेट, बूच मिळून 120. रॉड, व्हील, लाइट 80. रेड ऑक्साइड आणि रंग 150. लॅमिनेशनसकट व्हिनाइल, म्हणजे छापलेलं स्टिकर, 12 फूट 45 ने 540. टेम्पो 150. मजुरी काही नाही, मी आणि बाबाच करतो.

हिशोबी_ताई
मजुरी काही नाही????

बाबांनी तेवढा वेळ गेट केलं असतं तर पैसे मिळाले असते की नाही? बाहेरचा वेल्डर बोलावला तर अर्ध्या दिवसाचे काय घेईल ते लिहा.

वेल्डिंगवाला_वाडी
450 तरी.

हिशोबी_ताई
मग झाले 2635. म्हणजे तुम्ही त्या चहावाल्याला बोर्ड विकला नाही, आहेर केला 😄 आता नफा. पुष्कळ लोक 25 टक्के म्हणून 2635 वर 25 टक्के चढवतात, 3294 येतात, आणि समजतात की शंभरातले 25 आपले. नाहीत, शंभरातले 20 च. विक्रीतले 25 हवे असतील तर 0.75 ने भागा, 3513. साडेतीन हजार सांगा. पाच बोर्ड एकदम असतील तर एक साचा करून ठेवा, मजुरी निम्मी होईल, टेम्पोत पाचही जातील, भाडं नगामागे शंभरावर येईल, मग 3100 ला देता येतो. पण पाच एकदम असतील तरच! एकाने पाचचा भाव मागितला तर हसून चहा पाजा.

डिझाइनचे पैसे वेगळे, दोनदाच बदल. अर्धे आगाऊ. आणि जीएसटीत रजिस्टर नसाल, नुसत्या मालाच्या धंद्यात वर्षाला 40 लाखांच्या आत बहुतेकांना लागत नाही, तर पाइपावर भरलेला 18 टक्के परत येत नाही, तो खर्चातच धरा.

इतवारीचा_पेंटर
1200 वाल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू नको, त्याला फ्लेक्सची स्टँडी दाखव, ती त्या पैशात येते. अन् सांग, एक उन्हाळा. बाजूला तुझा बोर्ड उभा कर, हात लावून पाहू दे. लोक हलवून पाहतात, हलला नाही की अर्धं काम झालं.

अजून एक. अक्षर. लोक त्या सहा फुटात अख्खं मेनूकार्ड मागतात. अंदाज असा धर, दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंची अक्षर, तीस फुटांवरच्या गाडीवाल्याला तीन इंची. ते पण इंग्रजीचं माप, आपल्याला वर मात्रा-वेलांटी अन् खाली उकार असते, ओळीत जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर 'गुळाचा' चा उकार खालच्या ओळीच्या डोक्यात घुसते. चार शब्द, एक बाण, झालं. एक बाजू काळी पाटी ठेव, खडूने रोजचं लिहायला.

चहा_धंतोली
काळ्या पाटीला माझं मत. व्हिनाइलवरचा भाव जुना झाला की खोडताही येत नाही.

वाचक_लक्ष्मीनगर
मी तुमच्या धंद्यातला नाही, फुटपाथवरून चालणारा आहे. माझ्या वडिलांना दिसत नाही, काठीने चालतात. काठी जमिनीलगत फिरते, बोर्डाचा खालचा आडवा जमिनीपासून सहा इंच वर असला तर काठी खालून जाते आणि गुडघा आदळतो. खालचा आडवा दोन इंचावर घ्या, काठीला लागेल. कोपरे घासून गोल करा. आणि गिऱ्हाइकाला सांगा की बोर्ड आपल्या ओट्यावर किंवा पायरीला चिकटून ठेव, फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, रस्त्यात ठेवलेला उचलला गेला तर तक्रारीलाही जागा नाही.

हिशोबी_ताई
हे पण. दुकानाच्या नावाची पाटी मराठीत हवी हे 2022 पासून छोट्या दुकानांनाही लागू आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही. बोर्डावर नाव टाकणार असाल तर डिझाइन आधीच तसं करा, नंतरचा बदल फुकटात गळ्यात पडतो.

वेल्डिंगवाला_वाडी
मंडळी, अपडेट. रविवारी एक नवीन केला. 16 गेज, एसीपी, रिव्हेट, खाली विटांचा ट्रे, आडवा दोन इंचावर. काकांचं ऐकून तोंडं बंद केली, तळाला भोक. बाबा म्हणाले वारा कुठून आणणार पाहायला, तर आमच्याकडे दुरुस्तीला आलेला 24 इंची कूलरचा पंखा होता, तो समोर ठेवून चालू केला. विटांशिवाय बोर्ड हळूहळू मागे सरकत गेला आणि एका पायाने नाचायला लागला. चार विटा ठेवल्या, गप्प.

धरमपेठच्या भाऊंना नेऊन दाखवला, जुना परत घेतो आणि त्याचे 1200 वजा करतो म्हटलं. 3500 ऐकून आधी चेहरा उतरला, मग बोर्ड धरून हलवून पाहिला. पेंटरभाऊ म्हणाले तसंच झालं. 2300 वरून दिले, पण म्हणतात दोन्ही बाजू काळी पाटी करून दे. दोन्ही काळ्या केल्या तर व्हिनाइलचे 540 वाचतात, ब्लॅकबोर्ड पेंट कोणत्या दुकानातून घ्यायचा जो एसीपीवर सोलून निघत नाही?

इतवारीचा_पेंटर
दुकान कोणतंही चालते. सोलते ते एसीपी गुळगुळीत असते म्हणून. आधी 220 च्या पॉलिश पेपरने चमक मारून टाक, मग प्रायमर, मग दोन हात पातळ. अन् खडू पहिल्यांदा आडवा धरून अख्ख्या पाटीवर घास, पुसून टाक, नाहीतर पहिलं लिहिलेलं जन्मभर भुतासारखं दिसत राहते.