ट्रान्सप्लांटला ५ आठवडे झाले आणि लावलेले केसच गळतायत, डिसेंबरात साखरपुडा आहे

हिंजवडीचा_वैतागलेला

नमस्कार मंडळी, वर्षभर इथे नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. वय ३१, आयटी, मूळ साताऱ्याकडचा. आमच्या घराण्यातच टक्कल आहे, बाबा, दोन्ही काका, मामा सगळे तुळतुळीत, त्यामुळे पंचविशीलाच कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकायला लागलं. स्थळं बघायला लागल्यावर आई बायोडाटावर कॉलेजचा फोटो लावायची आणि मुलीकडचे समोर आल्यावर पहिली नजर कपाळावर, हे ४-५ वेळा झालं आणि मग डोक्यात गेलं. शेवटी ऑगस्टमध्ये एफयूई (डोक्याच्या मागचे केस एकेक करून मुळासकट काढून पुढे लावतात ते) करून टाकलं, २४०० ग्राफ्ट म्हणजे मुळासकट केसांचे बारीक पुंजके, पुढची लाईन आणि त्यामागचा भाग. सकाळी ८ ला गेलो ते संध्याकाळी ५ ला बाहेर, अर्धा दिवस पालथा, अर्धा दिवस उताणा. भुलीची इंजेक्शनं सोडली तर दुखलं असं काही नाही. चौथ्या दिवशी मात्र कपाळाची सूज उतरून डोळ्यांवर आली, आरशात बघितलं तर गांधीलमाश्या चावल्यासारखं तोंड. तेही गेलं, खपल्या १२ दिवसांत पडल्या, बारीक बारीक केस मस्त उभे राहिले होते, मी रोज फोटो काढत होतो.

आणि आता गेल्या आठवड्यापासून तेच केस गळायला लागलेत. टॉवेलला, उशीला, हात फिरवला तरी बोटाला. काहींच्या टोकाला पांढरं काहीतरी दिसतं, म्हणजे ग्राफ्टच निघून येतोय का? अजून १५ दिवसांत ऑपरेशनच्या आधी होतो त्यापेक्षा वाईट दिसेन असं वाटतंय. क्लिनिकला व्हॉट्सॲप केलं तर "नॉर्मल आहे सर" आणि एक अंगठा, संपलं. ही टेन्शनं कमी म्हणून की काय, एक स्थळ जमलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साखरपुडा ठरलाय. घरी दादा सोडून कुणाला माहीत नाही, गणपतीला रिलीज आहे सांगून गावी गेलो नाही, आई व्हिडिओ कॉलवर विचारते घरात कसली टोपी घालून बसतोस.

तर प्रश्न असे की गळालेले परत येतात का, डिसेंबरपर्यंत काही दिसेल का, आणि बाईकवर हेल्मेट घातलं तर चालेल का. केसगळती रोखायला फिनास्टराइडची गोळी दिली होती ती मी २ आठवड्यांपूर्वी बंद केलीय, नेटवर काय काय वाचलं आणि लग्नाच्या तोंडावर नसती रिस्क कशाला म्हटलं. बाकी मिनॉक्सिडिल, ते केस वाढायचं औषध, अजून सुरू करायला सांगितलेलं नाही.

मिरजेचा_बापू

अरे भावा शांत हो, मी पण ह्यातून गेलोय, २०२१ ला केलं. तुझे केस गळतायत म्हणजे सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललंय. आमच्याकडं हळद बघितलीस का कधी? पाला वाळून भुईसपाट होतो, नवख्या माणसाला वाटतं पीक गेलं, पण गड्डा खाली जमिनीत असतोय आणि वेळ आली की त्यातनं परत कोंब फुटतोय. तसंच आहे हे. मुळाला एका जागेवरनं उपटून दुसरीकडं लावलं की त्याला धक्का बसतो, ते वरचा केस टाकून देतं आणि झोपी जातं. साधारण दुसऱ्या आठवड्यापासनं आठव्यापर्यंत कधीही गळतात, ह्यालाच शॉक लॉस म्हणतात. टोकाला जे पांढरं दिसतंय तो केसाचाच गोळा असतो, ग्राफ्ट नव्हे. ग्राफ्ट निघाला असता तर रक्त आलं असतं आणि ते पहिल्या आठवडा दहा दिवसातच, आता ५ आठवड्यांनी तू ओढून काढतो म्हटलास तरी निघणार नाही.

डिसेंबरचं खरं सांगू का, फार काही दिसणार नाही. तिसऱ्या चौथ्या महिन्यात कोंब यायला सुरुवात होते, ते पण बारीक, वाकडे, बाळाच्या जावळासारखे. मधी मधी पिवळ्या टोकाच्या पुटकुळ्या येतील, नवीन केस बाहेर पडताना येतात, फोडत बसू नको, जास्त झाल्या तर दाखव. सहाव्या महिन्यात निम्मं काम दिसतं, वर्षानं बऱ्यापैकी, भोवरा भरून घेतला असेल तर तिथं दीड वर्ष पण लागतं. माझा दुसरा ते चौथा महिना असा गेला की मी भावकीतली तीन लग्नं चुकवली, एका ठिकाणी तर आहेर फोन पे केला.

हेल्मेट घाल की, ५ आठवडे झाले, पण आतलं कापड धुऊन घे, घामट नको, आणि घट्ट घासून घालू नको. मागची बाजू बधिर वाटत असेल तर ते पण जातं, माझं ४ महिन्यांनी गेलं, तोपर्यंत न्हावी मशीन फिरवायचा ते दुसऱ्याच कुणाच्यातरी डोक्यावर चाललंय असं वाटायचं.

त्वचेची_डॉक्टरीण

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नावगाव विचारू नका. बापूंनी गळतीबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. पण सगळे केसांकडे बघतायत आणि तुमच्या धाग्यातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली ओळ तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, गोळी बंद केली ही.

बघा, मागच्या बाजूचे केस डीएचटी ह्या हार्मोनला दाद देत नाहीत, म्हणून तर बाबा काकांचं टक्कल पडलं तरी कानामागची झालर राहिली. तुम्ही तिथले केस पुढे लावलेत, ते टिकतील. पण त्यांच्या मागे तुमचे मूळचे जे केस आहेत ते त्याच डीएचटीला बळी पडणारे आहेत, ट्रान्सप्लांटनं त्यांचा आजार थांबत नाही. ३१ वय, घरात सगळ्यांना टक्कल, म्हणजे तुमचं गळणं अजून संपलेलं नाही. काही केलं नाही तर ५-७ वर्षांनी पुढे कुंपण आणि मागे माळरान असं दिसायला लागतं आणि मग माणूस परत ऑपरेशनला येतो, तोपर्यंत मागचा साठा कमी झालेला असतो. ही गोळी डीएचटी कमी करते, ती बंद केल्यावर तिनं जे काही राखलं असेल ते साधारण वर्षभरात जातं.

दुष्परिणामांचं म्हणाल तर ते खोटे नाहीत, कुणी खोटे म्हणालं तर त्याचंही ऐकू नका. १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत १९९७ ला मान्यता मिळाली, तेव्हाच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी शंभरात जेमतेम ४ जणांना आल्या, आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांतही शंभरात २ जणांना आल्या. गोळी थांबवल्यावर बहुतेकांच्या तक्रारी जातात, थोड्यांच्या रेंगाळल्याच्याही नोंदी आहेत. युरोपच्या औषध संस्थेनं २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम म्हणून मान्य केलाय, त्यामुळे आधी नैराश्याचा त्रास झालेला असेल तर तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. तुम्हाला स्वतःला काही त्रास झाला का की नुसतं वाचून सोडली? त्रास झाला असेल तर बंद केलीत ते ठीक, पण तसं कळवा, दुसरे मार्ग आहेत. नुसतं वाचून सोडली असेल तर व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवणाऱ्याशी नाही, ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांशी समोर बसून बोला. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावरही पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही तेही सोडाल.

चकचकीत_चंद्र

सगळे गोड गोड बोलतायत म्हणून माझं पण ऐक. मी २०१७ ला केलं, एका ठिकाणी, नाव घेत नाही. ३५०० ग्राफ्ट एका दिवसात, डॉक्टर तोंड दाखवून गेले ते गेलेच, भोकं पाडणं, केस काढणं, लावणं सगळं टेक्निशियन पोरांनी केलं, एक जण तर मोबाईलवर मॅच लावून बसलेला. निम्मे आलेच नाहीत. तेही एकवेळ ठीक. ३ वर्षांनी वडील गेले, दहाव्याला मुंडण केलं आणि मागच्या बाजूला कसर लागलेल्या लोकरीसारखं डोकं सगळ्या भावकीसमोर उघडं पडलं. तिथे घाटावर बसून मी वडिलांचं दुःख करायचं सोडून मानेवर उपरणं कसं येईल ते बघत होतो, ह्याची लाज अजून वाटते. तेव्हापासून आठवड्याला वस्तरा, टिंबं दिसतात तर दिसूदेत.

डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की वर्कशॉपमध्ये नाहीतर युट्यूबवर बघून हे करायला कुणी तयार होत नाही, रीतसर शिकलेला डॉक्टरच पाहिजे. तरी २०२४-२५ मध्ये कानपूरला दोन इंजिनिअर केस लावल्यानंतर दगावले आणि केस लावणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर असल्याचं पेपरात आलं. त्यामुळे ज्यांनी अजून केलं नाही त्यांनी भोकं कोण पाडणार, केस कोण काढणार हे तोंडावर विचारा. कितीला पडेल ते नंतर.

आणि वैतागलेल्या, त्या मुलीला सांगितलंस का?

साधीभोळी_सुगरण

चंद्र यांना +१. माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी केलेलं आणि मला कळलं लग्नानंतर ८ महिन्यांनी, ते पण कपाटात औषधाची पट्टी सापडली म्हणून. केसांचं मला काहीच वाटलं नाही हो, पण आठ महिने हा माणूस बाथरूममध्ये दार लावून गोळी घेत होता ह्याचं वाटलं. तुमचे तर डिसेंबरात धड येणारही नाहीत म्हणजे लपवून लपणार कसं? फेटा साखरपुड्याला दिवसभर थोडाच बांधून बसणार.

(अवांतर : मला डेंग्यूनंतर ३ महिन्यांनी केसांचा पुंजकाच्या पुंजका जातोय, हे पण टक्कलच का?)

त्वचेची_डॉक्टरीण

@सुगरण, नाही. मोठ्या तापानंतर २-३ महिन्यांनी अशी गळती होते, बाळंतपणानंतर पण होते, बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्या. कांद्याचा रस वगैरे नको, डोकं भाजलेल्या दोघी ह्याच महिन्यात येऊन गेल्यात.

हिंजवडीचा_वैतागलेला

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांनी लिहितोय. डॉक्टरीण ताई, मला स्वतःला काहीही झालं नव्हतं, रात्री २ ला परदेशातल्या लोकांचे अनुभव वाचून सोडली होती. काल जाऊन डॉक्टरांना भेटलो, रिसेप्शनवर बसून राहिलो भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणून. त्यांनी मोठ्या भिंगातून डोकं बघितलं, गोळी परत सुरू करायचं ठरलं, काही वाटलं तर आधी फोन करायचा. डिसेंबरात फार विरळ वाटलं तर केसांवर भुरभुरवायची पावडर चालेल म्हणाले, रात्री धुऊन टाकायची.

मुलीला सांगितलं. एफसी रोडला कॉफी प्यायला भेटलो तेव्हा टोपी काढून दाखवलं. ती आधी हसली, बराच वेळ हसली, मग म्हणाली म्हणजे बायोडाटातला फोटो कुठल्या साली काढलेला ते खरं सांग. आईला अजून सांगायचंय, ते ह्या मुलीपेक्षा अवघड आहे.

नवीन_सभासद_७७

भाऊ क्लिनिकचं नाव आणि खर्च व्यनि (खाजगी निरोप) करा ना प्लीज, मला पण करायचंय.

हिंजवडीचा_वैतागलेला

खर्च इथेच लिहितो, १ लाख १० हजार, औषधं वेगळी, मेडिक्लेम मिळत नाही. नावासाठी पुढच्या ऑगस्टला विचार, केस आले तर करतो व्यनि.