परसातला वेलींचा लाकडी मांडव : खांब बुडात कुजू नये म्हणून काय करावं?

परसबाग_खानापूर
परसात दोडका, कारली आणि दुधीसाठी १० बाय ८ फुटांचा मांडव घालायचाय. माती तांबडी, पाऊस दणकून. निलगिरीचे साडेतीन इंची गोल वासे मिळतायत. खांब सिमेंटात बसवू की मातीत? आमच्याकडं सगळे खांब जमिनीलगतच कुजतात. उंची किती ठेवू? वर जाळी बरी की तार?

सुतारकाम_बेळगाव
खांब कुजतो तो जमिनीच्या वर-खाली चार-सहा बोटांत, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथंच मिळतात. सिमेंटात गाडला की सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. लाकूड वाळून आकसतं, सिमेंट आकसत नाही. मधे फट पडते, पावसाचं पाणी तिच्यात उतरतं आणि पेल्यात साचावं तसं साचून राहतं. खानापूरच्या पावसात असा खांब मातीतल्यापेक्षा लवकर जातो.

माझं मत स्पष्ट आहे, लाकूड जमिनीत घालूच नका. फॅब्रिकेशनवाल्याकडून ५० मिमी रुंद, ५ मिमी जाड पट्टीचे ‘यू’ आकाराचे सहा बूट करून घ्या, खाली गाडायला पाय जोडलेले. फूटभर चौरस, दीड फूट खोल खड्ड्यात १:२:४ काँक्रीट (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) घालून पाय त्यात बसवा. काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता करा. खांबाचं बूड जमिनीपासून दोन इंच वर राहिलं पाहिजे. प्रत्येक बुटात १० मिमीचे दोन बोल्ट, एकावर एक, चार इंच अंतरावर.

खांब साडेसहा फुटांचे, लांबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. वर ११ फुटांच्या दोन तुळया, त्यांवर ९ फुटांचे तीन आडवे वासे. खांबाच्या डोक्याला इंचभर खाच मारून तुळई बसवा, नुसती खिळ्यावर टांगू नका. बुटावरचा खांब गाडलेल्या खांबाइतका ताठ राहत नाही, त्यामुळं चारही कोपऱ्यांत दोन्ही दिशांना दोन फुटांचे तिरके आधार द्यायलाच हवेत. ओला वेल आणि वारा एकत्र आला की मांडव एका अंगाला झुकतो तो तिरके नसल्यामुळंच.

निलगिरीचा बाहेरचा पांढरा भाग वाळवी आधी धरते. सागाचा जून गाभा परवडत असेल तर उत्तमच. वखारीत कानडीत बोलायचं झालं तर ‘चप्पर’ म्हणा, काम लगेच कळतं.

काळीमाती_निपाणी
वरचं तांबड्या मातीला ठीक. आमच्या काळ्या रानात मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात माती फुगते, त्यामुळं उथळ काँक्रीटचा गठ्ठासुद्धा हलतो. इकडं खड्डा अडीच फूट घ्या. निघालेली काळी माती परत न घालता, बूट असो वा गाडलेला खांब, भोवती मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरानं पहारीच्या बुडानं ठोकून भरा. दर थराला ओळंबा लावून बघा, शेवटी सरळ करू म्हटलं तर होत नाही.

वेलवर्गीय
वरच्या भागाबद्दल. वाशांवर बांबू दीड-दीड फुटावर टाका. बांबू तीन वर्षांचा तरी जून हवा. कोवळ्यात साखर आणि पिठूळपणा जास्त, भुंगा तोच खातो. बांबूखाली पिवळसर पीठ सांडलेलं दिसलं की आत भुंगा लागलाय असं समजा. वापरण्याआधी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवा. टोक पेराच्या गाठीला लागून कापा, नाहीतर नळीत पाणी साचून डास होतात. खिळा ठोकला की बांबू चिरतो; १८ गेजच्या जस्ती तारेनं फुलीचा वेढा द्या.

बांबूंवर सहा इंची घराची नायलॉन जाळी ताणा. दोडका-कारलीला तेवढं पुरतं. दुधीचं एकेक फळ किलो-दीड किलोचं, तो जाळीला झोळ पाडतो. त्याला बांबूच्या अंगाला वळवा. वेल मांडवाला टेकेपर्यंत बगलेतले फुटवे खुडा आणि खांबाशी सुतळीनं आठच्या आकड्यात सैल बांधा.

आणि मांडव परसाच्या उत्तरेला घाला. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, सावली भाजीच्या वाफ्यांवर पडत नाही.

परसबाग_खानापूर
बूट करून घेतो. खांबाच्या बुडाला जुनं इंजिन ऑइल चोपडलं तर?

सुतारकाम_बेळगाव
नको. पावसात ते धुऊन वेलींच्या मुळाशी जातं, आणि भाजी खायची आहे. बुडाचा आणि डोक्याचा कापलेला भाग जवसाच्या तेलानं दोन-तीनदा भिजवा, आधीचा हात वाळल्यावर पुढचा. तेलाचं फडकं गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा. गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. खाच मारली की तिथला नवा कापही भिजवायला विसरू नका. बोल्ट पहिल्या उन्हाळ्यात लाकूड वाळलं की सैल पडतात, मृगाआधी एकदा आवळा.