ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत सांगतात, मग भूकंपाची का नाही?

औसेकर:
नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांचा प्रश्न आहे, परवा मुलीने परत उकरून काढला म्हणून धागा काढतोय. माझं गाव औसा तालुक्यातलं. १९९३ ला मी तिसरीत होतो. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले आणि चार वाजायच्या जरा आधी धक्का बसला. आमच्याकडे भिंती पडल्या पण माणसं वाचली. मावशीचं घर किल्लारीत होतं, माळवदाचं (वर मातीचं जड छप्पर), तिथलं काही लिहीत नाही.

तर मुलगी सातवीत आहे, शाळेत ग्रहणं चालू आहेत. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्झरजवळ खग्रास ग्रहण ६ मिनिटं २३ सेकंद दिसणार हे तिने वाचलं आणि मला म्हणाली, बाबा एवढं आधी सांगतात तर मग तुमचा भूकंप का नाही सांगितला? मी गप्प. खरंच, चंद्रालाही न्यूटनचेच नियम आणि दगडालाही तेच, मग एकीकडे सेकंद आणि दुसरीकडे काहीच नाही असं कसं? पाऊस तर मधेच कुठेतरी लटकलेला. की भूकंपाच्या मागे कुणी नीट लागलंच नाही? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा.

खगोलवेडा:
माझ्या भागापुरतं सांगतो. ग्रहण सोपं आहे कारण त्यात मोजकीच मंडळी आहेत, सूर्य, पृथ्वी, चंद्र आणि थोडी बाकीच्या ग्रहांची ओढ. मधे सगळं रिकामं, घर्षण जवळपास नाहीच, आणि वर हे सगळं डोळ्यांना दिसतं, हजारो वर्षांच्या नोंदी आहेत. म्हणजे नियम माहीत, आत्ता कोण कुठे आहे ते माहीत, आणि मोजण्यात जी बारीक चूक राहते ती फार हळू वाढते. हे तिसरं लोक विसरतात.

पण ग्रहमाला कायमची घड्याळासारखी चालते हेही खरं नाही बरं का. १९८९ मध्ये जाक लास्कर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हिशोब करून दाखवलं की आतल्या ग्रहांच्या गतीत केऑस आहे, म्हणजे सुरुवातीची बारीक चूक पुढे वाढत वाढत प्रचंड होते. आज पृथ्वीची जागा ठरवताना फक्त १५ मीटरची चूक झाली तर १० कोटी वर्षांनंतर पृथ्वी आपल्या कक्षेत नेमकी कुठे असेल ते सांगता येत नाही. त्यामुळे ग्रहणाचा अंदाजसुद्धा मुदतीचाच आहे, फक्त ती मुदत आपल्या आयुष्याच्या मानाने प्रचंड मोठी असल्याने आपल्याला ते अढळ वाटतं.

सरीवरसर:
खगोलवेडा यांचा मुदतीचा मुद्दा पावसाला अगदी फिट बसतो. मी हवामानाच्या मॉडेलवर काम करते. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने कॉम्प्युटरवर हवेचं एक छोटं मॉडेल परत चालवलं, सुरुवातीचा आकडा ०.५०६१२७ होता तो कागदावरून बघून ०.५०६ एवढाच टाकला, आणि थोड्या वेळाने दोन्ही रनमधलं हवामान एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखं झालं. समीकरणं तीच, कुठेही फासे टाकलेले नाहीत, सगळं पक्कं ठरलेलं, तरी सांगता येईना. ठरलेलं असणं आणि आपल्याला सांगता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा तिथे शिरलं. ग्रहांची चूक लाखो वर्षांत वाढते, हवेतली काही दिवसांत, म्हणून साधारण दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक गावात पाऊस हे सांगणं जमत नाही.

आणि जागेचाही प्रश्न असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ मिमी, एकाच शहरात! मुंबईत मुसळधार असं नुसतं म्हणून काय उपयोग.

आता गंमत बघा, महिन्याभरानंतरच्या एखाद्या दिवसापेक्षा अख्ख्या मोसमाचा अंदाज कधीकधी बरा येतो. चार्नी आणि शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हे मांडलं, की आपल्याकडच्या पट्ट्यात मोसमाची सरासरी बरीचशी समुद्राच्या तापमानावर चालते आणि समुद्र हळू बदलतो. एकेक सर सांगता येत नाही पण मोसमाचा कल थोडाफार सांगता येतो. त्यामुळे "पावसाचा अंदाज येतो का" याला एक उत्तर नाही, कुठला पाऊस, किती दिवस आधी, किती जागेवर, हे विचारायलाच लागतं.

कातळशिल्पी:
औसेकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, भूकंपाच्या मागे कुणी लागलं का याला, आधी उत्तर देतो कारण ते मनाला लागलं. मागे लागले होते, फार लोक लागले होते. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड म्हणून जागा आहे, तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ असे साधारण एकाच मापाचे भूकंप झाले, सरासरी २२ वर्षांनी एक. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं की पुढचा १९९३ च्या आत येणार, आणि अख्ख्या परिसरात यंत्रं लावून बसले. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, आणि एवढी यंत्रं असून आधी काही स्पष्ट इशारा मिळाला नाही.

चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगला आधी बरेच छोटे धक्के बसले, लोकांना बाहेर काढलं, हजारो जीव वाचले. सगळ्यांना वाटलं सापडलं गुपित. पुढच्याच वर्षी तांगशानला असे धक्के आलेच नाहीत आणि सरकारी आकड्यानुसार २ लाख ४० हजारांवर माणसं गेली.

अडचण अशी की खडकावरचा ताण जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर असतो, तिथे तो नीट मोजता येत नाही. हवामानवाल्यांना निदान हवा मोजता येते, आम्हाला सुरुवातच माहीत नाही. त्यात छोटा धक्का सुरू झाला की तो छोटाच थांबेल की फाटत फाटत मोठा होईल हे बहुधा त्या खडकालाही आधी ठरलेलं नसतं (हे माझं मत, यावर आमच्यात वाद आहेत). किल्लारीला १९९२ मध्येही छोटे धक्के बसले होते. आज आपण त्यांना इशारा म्हणतो, कारण पुढे काय झालं ते माहिती आहे. पालघर-डहाणूकडे नोव्हेंबर २०१८ पासून असे हजारो धक्के बसलेत आणि मोठा आलेला नाही. दोन्हीकडचे धक्के बसताना सारखेच वाटतात.

एकेक भूकंप सांगता येत नाही पण सगळ्यांचा मिळून हिशोब पक्का आहे. मॅग्निट्यूड (भूकंपाच्या ताकदीचं माप) एकने वाढला की भूकंपांची संख्या साधारण दहापट कमी होते, जगभर.

अर्धायुष्य:
एकेकाचं नाही पण सगळ्यांचं सांगता येतं, हे वाचून राहवलं नाही. मी हॉस्पिटलात स्कॅनच्या विभागात आहे, आम्ही टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरतो, ६ तासांत बरोबर अर्धं उरतं, त्यावर डोस काढतो. पण त्यातला एक अणू घेतला तर तो आत्ता फुटेल की परवा, कुणीच सांगू शकत नाही, आणि इथे मोजमाप कमी पडतं असं नाहीये. अणू म्हातारा होत नाही, दहा तास टिकलेला अणू नव्यासारखाच असतो. आतमध्ये काही लपलेलं घड्याळ असेल असं आइनस्टाइनच्या बाजूचे लोक म्हणायचे, पण २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या प्रयोगांना मिळालं त्यांनी तशा साध्या कल्पनेला फार कमी जागा ठेवली आहे. भूकंपाचं "माहीत नाही" आणि हे "माहीत नाही" एका माळेत ओवू नका प्लीज.

निफाडचा कांदेवाला:
शास्त्र आपल्याला जास्त कळत नाही पण एक सांगतो. चंद्राला कुणी सांगितलं की तुझं ग्रहण आहे तर तो थांबत नाही. आमच्याकडे कुणी सांगितलं की यंदा कांद्याला भाव येणार, की सगळे कांदाच लावतात आणि लासलगावला भाव पडतो. अंदाज बरोबरच होता, सांगितल्यामुळे चुकला.

कातळशिल्पी:
कांदेवाले भाऊ, हे फार नेमकं बोललात.

औसेकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, मुलीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. १९९२ चे धक्के मला अंधुक आठवतात, आई सांगते मावशीकडचे लोक कित्येक रात्री अंगणात झोपायचे, मग काही होईना म्हणून परत घरात झोपायला लागले. कातळशिल्पी, तुमचं पालघरचं वाचून मुलगी विचारतेय, मग तिथल्या लोकांना आता काय सांगायचं?

कातळशिल्पी:
तिला सांगा, तारीख आम्ही देऊ शकत नाही. पण किल्लारीचा भाग तेव्हा नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, नंतर तो वर घेतला, म्हणजे कुठे किती हादरू शकेल याचा अंदाज सुधारता येतो. आणि घरात जीव गेले ते जास्त करून जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं कोसळून. दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना जोडणारा काँक्रीटचा सलग पट्टा घातला आणि छप्पर हलकं ठेवलं तर भिंती उघडून पडत नाहीत, फार खर्चही नाही. पालघरमध्ये कुणी नातेवाईक घर बांधत असतील तर गवंड्याला हा पट्टा आधी विचारा.