शब्दचर्चा: ‘ट्यूनेबल’ला ‘समायोज्य’ म्हणायचं की ‘लावता येणारा’?

प्रश्न, सांगलीहून
मी पदवीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवते. ‘ॲक्टिव्ह प्लाझ्मॉनिक्स’वर मराठी टिपण करतेय. सोन्याचांदीच्या पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात, तो प्लाझ्मॉन. कण केवढा, कुठल्या आकाराचा, भोवती काय आहे, यावर कुठला रंग शोषला जाणार ते ठरतं. उपकरण बनून गेल्यावरही वीजदाब, उष्णता देऊन ते बदलता आलं तर ‘ॲक्टिव्ह’. मी ‘ॲक्टिव्ह’ला ‘सक्रिय’ आणि ‘ट्यूनेबल’ला ‘समायोज्य’ लिहिलं. वर्गात वाचलं, तर एका मुलीच्या वहीत आलं: ‘यात धातू स्वतः प्रकाश सोडतो.’ चूक तिची नाही, माझ्या ‘सक्रिय’ची आहे.

मिरजेहून
मॅडम, आमच्याकडे तंबोरे बनतात. भोपळा केवढा, दांडी किती लांब, हे कारागीर एकदाच ठरवतो. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, हे मात्र दर बैठकीला. त्याला आम्ही ‘तंबोरा लावला’ म्हणतो. समायोज्य केला असं कुणी म्हणत नाही. ‘लावता येणारा’ घ्या.

सांगली
दादा, कणाचा आकार म्हणजे तुमचा भोपळा, वीजदाब म्हणजे खुंटी. हे मुलांना लगेच कळेल. अडचण एकच: ‘प्रकाश लावला’ म्हटलं की दिवाच लागतो! पण लिहितानाच लक्षात आलं, आपण प्रकाश लावतच नाही. येणारा प्रकाश आहे तोच राहतो. लावतो ते धातूचं अनुस्पंदन, म्हणजे ज्या तालावर त्याचे इलेक्ट्रॉन सगळ्यात जोरात डोलतात तो ताल. प्रकाशच समायोज्य म्हणणारं माझं टिपणातलं मूळ वाक्यच चुकलं होतं.

विट्याहून
आमच्या घरी गलाईचा धंदा, सोनं पिवळंच पाहिलेलं. कॉलेजात उकळत्या गोल्ड क्लोराइडमध्ये सोडियम सायट्रेट टाकलं. फिकट पिवळा रंग उडाला, पाणी काळपट झालं, आणि बघता बघता माणकासारखं लाल. नंतर मिठाचं पाणी घातलं तर निळसर-जांभळं. मग मीठ घालणं हेही ‘लावणं’ का?

सांगली
फार चांगला प्रश्न. साधारण 20 नॅनोमीटरचे गोल कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून पाणी लाल. मिठाने कण एकमेकांना चिकटले आणि शोषण लांब तरंगलांबीकडे सरकलं. पण ते पाणी पुन्हा लाल होत नाही. खुंटी उलटीही फिरायला हवी. उदाहरणार्थ व्हॅनेडियम डायऑक्साइडच्या थरावर सोन्याची नक्षी काढतात. सुमारे 68 अंश सेल्सिअसला तो थर विद्युतरोधकाचा धातू होतो, थंड झाला की पूर्ववत. त्याबरोबर सोन्याचं अनुस्पंदन सरकतं आणि परत येतं. ‘ॲक्टिव्ह’मधलं मर्म हे परत येणं आहे, ‘सक्रिय’मध्ये ते कुठेच नाही.

मिरज
तार ओढली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. हे चालेल का?

सांगली
चालेल काय, नेमकं बसतं. भोवतालचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती वाकतो त्याचं माप) वाढला की अनुस्पंदन तांबड्याकडे जातं, म्हणजे वारंवारता कमी होते: ‘उतरलं’. निळ्याकडे गेलं तर ‘चढलं’. आता ‘लाल विस्थापन’ लिहायला नको. टिपणातलं वाक्य असं केलंय: ‘ज्यांचं अनुस्पंदन बनवून झाल्यावरही हवं तेव्हा चढवता-उतरवता येतं, अशी उपकरणं.’ शीर्षकाला सुटसुटीत नाम अजून हवंय. ‘लावतं प्लाझ्मॉनिक्स’ कानाला कसं वाटतं?