टू-के (कडक होण्यासाठी हार्डनर मिसळून मारायचा गाडीचा रंग) मारलं की रात्री खोकला, सुट्टीत बंद. कुणाला असं होतं का?

रंगारी_कराड:
मी डेंटिंग-पेंटिंगवाला, १४ वर्षं रंगाची गन हातात आहे. बूथ (रंग मारायची बंद, हवा खेचणारी खोली) नाही. मागच्या शेडला प्लास्टिक लावून तीन बाजू बंद केल्यात, पावसाळ्यात चौथीही बंद.

काम करताना काही होत नाही. घरी जेवून आडवा झालो की अकरा-बाराला खोकला, छातीत शिट्टी. बायको म्हणते बिडी सोड. अहो, सोडून सहा वर्षं झाली! चैत्रात जत्रेला आठ दिवस गावी होतो, एकदाही खोकलो नाही. परत आलो, एका गाडीचं बॉनेट आणि दोन दारं क्लियर (टू-केचाच वरचा चकचकीत थर) मारली, त्याच रात्री सुरू.

डॉक्टर म्हणाले धुळीची ॲलर्जी. पण नुसती लांबी (पुट्टी) घासतो त्या दिवशी अंगभर धूळ असते, तरी रात्र शांत जाते. मारताना रुमाल आणि वर मेडिकलचा मास्क असतो.

नोझल_१३:
दादा, धूळ नाही, हार्डनर. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा होतो. थिनरचा वास नाकात बसतो म्हणून आपण थिनरला भितो; याचा वास कळत नाही. तुमचा रुमाल आणि मास्क वाफेला अडवतच नाहीत.

माझं तर बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये झालं. घाईत टचअप बाहेरच मारायचो. अंगाने एकदा ते धरलं की मग थोडंसंही पुरतं. आता शेजारच्या गाडीच्या जागेत कुणी क्लियर मारलं तरी छाती आवळते. गन सोडली, इन्शुरन्सची एस्टिमेट लिहितो. तुम्ही एवढी वाट बघू नका.

ओपीडीतली_ताई:
छातीच्या ओपीडीत काम करते. 'गॅरेजमध्ये असतो' एवढंच सांगाल तर धुळीच्याच गोळ्या मिळतील. हार्डनरच्या लेबलचा फोटो दाखवा. पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारी नळी) घ्या, दिवसातून चार वेळा फुंका, तीन-चार आठवडे वहीत लिहा, सुट्टीचे दिवस धरून. कामाच्या दिवसांत आकडा पडून सुट्टीत चढला तर डॉक्टरांना वेगळं सांगावं लागत नाही.

ब्रेकवाला:
मी पेंटर नाही, पण आमच्या कामातही असा धोका आहेच. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत हेक्झेन असतं. कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास मेकॅनिकांचे हातपाय त्यानेच बधिर झाले होते. पायाला मुंग्या येत असतील तर डबा वाचा. आणि एक्झॉस्ट फॅन खाली लावा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, आमच्या शेठने फॅन वर पत्र्याला टेकवलाय!

रंगारी_कराड:
डबा आज पहिल्यांदा फिरवून मागून वाचला. आयसोसायनेट लिहिलंय, मुंगीएवढ्या अक्षरात. आमचा पोऱ्या रोज उघड्या हाताने तेच मिसळतो, थिनरनेच हात धुतो. त्याला ग्लोव्ह्ज दिलेत.

शेठ म्हणतात बाहेरून हवा देणारा मास्क घेऊ, नळी आपल्याच कॉम्प्रेसरला जोडू. चालेल?

नोझल_१३:
थेट अजिबात नको. त्यात तेलाची वाफ येते, कॉम्प्रेसर तापला तर कार्बन मोनॉक्साईडही. श्वासाच्या हवेसाठीचा वेगळा फिल्टर संच लागतो, आणि कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड शेडच्या बाहेर, गाड्यांच्या धुरापासून लांब हवं. तोवर क्लियरची कामं बूथवाल्याकडे पाठवा म्हणावं.