मदत हवी आहे: खारवट रानासाठी सूर्यफुलाचं बी कोणत्या झाडाचं राखावं?

वाळवा तालुका, रब्बी सूर्यफूल, वाण भानू. संकरित नसल्यानं बी घरचं राखता येतं. एक रान मध्यम काळं, निचऱ्याचं. दुसरं नदीकडचं, उसाच्या पाण्यानं खारवटलेलं, सामू (पीएच) ८.६. अंतर दोन्हीकडे ४५ × ३० सेंमी, खतही सारखंच.

काळ्या रानात हिशेब सरळ आहे: फूल जेवढं मोठं, तेवढं बी जास्त. खारवट रानात मात्र रुंद फुलं मधोमध पोचट निघतात आणि बुटक्या झाडाचं लहान फूल काठोकाठ भरतं. फुलोऱ्यात सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून फुलांवरून फिरवलं, ०.२ टक्के बोरॅक्स (बोरॉनचं खत) फवारलं. थोडा फरक पडला, पोचटपणा गेला नाही. मधमाश्या भरपूर होत्या, पाण्याचा ताणही नव्हता. जिप्सम आणि निचऱ्याचे चर ठरलेलेच आहेत, तेव्हा जमीन सुधारण्याचे सल्ले सध्या नकोत.

बियाण्यासाठी झाडं निवडताना फुलाचा व्यास, शंभर दाण्यांचं वजन, भरलेल्या दाण्यांचं प्रमाण, खोडाची जाडी यांतलं आधी काय बघावं? सूर्यफुलात परपरागीकरण होतं, म्हणजे पराग दुसऱ्या झाडाचा येतो; नर बाजू आपल्या हातात नाही. मग निवड खारवट रानातच करावी, की काळ्या रानातली भारी झाडं तिथं चालतील?